भाटकार जेवत नाही

२४ नोव्हेंबर १९८६, चोपडे

काल साखळीच्या देवळात लग्न झालं आणि संध्याकाळी मी ह्या घरी आले. सामान दोनच: एक ट्रंक, आणि कापडी पिशवीत कोंबलेली माझी मांजर बायो. साखळी ते म्हापसा, म्हापसा ते शिवोली, तिथून फेरीबोटीने नदी ओलांडून चोपडे. बायो वाटभर ओरडत होती. फेरीवरचे लोक बघून हसत होते. नवी नवरी, वय छत्तीस, मांडीवर ओरडणारी पिशवी.

मधुकर ह्याच फेरीबोटीवर नोकरीला आहेत. काल त्यांची रजा होती, तरी फेरी सुटताच ते वर चालकाजवळ जाऊन उभे राहिले आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत खाली आले नाहीत. लाजले असतील.

घराच्या ओसरीत बसायचा दगडी सोपो आहे. त्याच्यावर एक तांबूस कुत्रा पाय पसरून बसला होता. त्याचं नाव भाटकार, म्हणजे जमीनदार. हे नाव सुमनने, ह्यांच्या पहिल्या बायकोने, ठेवलेलं. कारण तो दिवसभर सोप्यावर बसून दुसऱ्यांना काम करताना बघतो. मी पायरीवर पाय ठेवला आणि तो असा गुरगुरला की माझ्याबरोबर आलेल्या वत्सलामावशी दोन पायऱ्या मागे गेल्या. हे म्हणाले, "आज मागल्या दारान येतलंय?" तर मी मागच्या दाराने आले. लाकडांच्या ढिगाला वळसा घालून, हातात मांजर घेऊन. माझा गृहप्रवेश.

दार श्रद्धाने उघडलं. ह्यांची मुलगी, आठ वर्षांची, तिसरीत आहे. फार शहाणी. पाणी दिलं, हात पुसायला कपाटातला नवा टॉवेल काढून दिला. मग विचारलं, "तुमी किते दीस रावतल्यात?"

मला हसू आलं. म्हटलं, "आता इथंच राहणार."

तिने मान डोलावली आणि टॉवेल पुन्हा नीट घडी करून ठेवला.

भिंतीवर सुमनचा फोटो नाही. मला वाईट वाटू नये म्हणून काढून ठेवला असणार. एवढं समजून घेणारा माणूस आहे, बरं वाटलं. सुमन दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या इस्पितळात वारली, पोटात गाठ होती. वत्सलामावशींनी स्थळ सुचवताना एवढंच सांगितलं होतं. ह्यांना मी अजून काही विचारलेलं नाही.

२९ नोव्हेंबर

भाटकार माझ्या हातचं जेवत नाही. भात घातला, मासळीचं डोकं घातलं, पाव विकणाऱ्या पोदेराकडून घेतलेला गरम उंडा कढीत बुडवून घातला. तो वास घेतो, माझ्याकडे बघतो आणि सोप्यावर जाऊन बसतो. आठवडा होत आला. तरी वाळलेला दिसत नाही. कुत्रे हवेवर जगतात की काय!

उलट बायो. ती पलंगाखालून बाहेर येत नाही. आपल्या घरी आल्यासारखं वागेल तर शपथ. सगळ्यांची जेवणं आटोपली, मी चुलीजवळ एकटी पान घेऊन बसले की ती येते, भिंतीला घासत, दबकत. मग आम्ही दोघी जेवतो. तिला म्हटलं, "बाई गं, इतकं परक्यासारखं वागून चालायचं नाही." ऐकत नाही.

२ डिसेंबर

हे कामावरून येतात आणि आधी कुत्र्याशी बोलतात. "आज वारो खूब आसलो रे भाटकारा. फेरी रेतींत लागली." मला बातम्या अशा कळतात. आज मीही युक्ती केली. कुत्र्याला विचारलं, "भाटकारा, चहा टाकू का?"

ह्यांनी त्याच्याच पाठीवरून हात फिरवत उत्तर दिलं, "टाक म्हण तिका."

चहा टाकला. हे पुष्कळ झालं. लग्नानंतरचं आमचं हे सगळ्यांत मोठं संभाषण.

जेवण झालं की हे बाहेर सोप्यावर झोपायला जातात. म्हणतात, आत उकडतं. डिसेंबर आहे, मी शाल घेऊन झोपते. पण भाटकाराला सवय आहे, त्याच्या पायथ्याशी कोणी नसलं तर तो रडतो म्हणे. मुक्या जनावरापुढे माणूस काय करणार.

शेजारचे गोकुळदास येऊन गेले. मराठीच्या बाजूचे कट्टर आहेत. राजभाषा मराठी की कोंकणी हा प्रश्न सध्या जिकडेतिकडे पेटला आहे आणि घरोघर दोन तट पडले आहेत. मी साखळीला मराठी शाळेत शिकवत होते हे कळल्यावर ते फार खूश झाले. मी भाटकाराला "इकडे ये" म्हटलं, तो हलला नाही. श्रद्धा "हांगा यो" म्हणाली, तो उठून गेला. गोकुळदास गंभीरपणे म्हणाले, "पळयलें मगो वयनी? कुत्रोय कोंकणीवाल्यांनी फितयलो!" हे सगळं अस्सल कोंकणीत.

श्रद्धा हसली नाही. मी हसले.

७ डिसेंबर

कोडं सुटलं! आज कपडे धुऊन नदीवरून परतले आणि विहिरीवर गेले तर मागे माडाच्या आडोशाला श्रद्धा उकिडवी बसली होती. आपल्या ताटातला भात आणि बांगड्याचा तुकडा केळीच्या पानावर ठेवून भाटकाराला भरवत होती. म्हणजे ही रोज स्वतःचं अर्धं जेवण त्याला घालते. म्हणून पोरगी हडकुळी आणि कुत्रा गोल.

रागावणार होते, पण तिचे शब्द कानावर पडले. "आई येतली मगो, तेन्ना तिच्या हातचें खा. तोपर्यंत माज्या हातचें."

मी कळशी घेऊन तशीच मागे फिरले. आई! मी नदीवर कपडे घेऊन गेले होते ना, मी येईन म्हणून ती कुत्र्याला समजावत होती. तोंडावर "बाई" म्हणते आणि पाठीमागे आई. माझ्या हातचं त्याला खायला शिकवते आहे बिचारी. ट्रंकेतून नवी साडी काढून नेसले. हे म्हणाले, "खंय वचपाचें आसा?"

म्हटलं, "कुठे नाही."

१७ डिसेंबर

सगळं बिघडलं आणि का बिघडलं ते मला कळत नाही.

भाटकार सोप्यावर एका जुन्या वाकळेवर झोपतो. इतकी कळकट की वासाने मळमळायला होई. दुपारी श्रद्धा तिच्यावर डोकं टेकून कुत्र्याशेजारी पडते, म्हणून तर मला जास्त खटकलं. आज सकाळी भाटकार आणि श्रद्धा दोघेही नसताना मी ती वाकळ साबणाच्या पाण्यात उकळली, दगडावर बडवली आणि उन्हात घातली. आत कितीतरी साड्यांचे तुकडे होते, हिरवे, जांभळे. छान रंग उघडले.

भाटकार परत आला. वाळत घातलेल्या वाकळेचा वास घेतला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुन्हा घेतला. मग तो माझ्यावर धावून आला. दात लागले नाहीत, पदर फाटला. मी ओरडले, हे घरात होते, धावत आले आणि त्याला काठी मारली. त्या गडबडीत श्रद्धा शाळेतून आली. तिने वाकळ बघितली, नाक लावलं, आणि आत जाऊन दप्तर जागेवर ठेवलं.

मी ह्यांना म्हटलं, "ह्या कुत्र्याचं काहीतरी करा. नाहीतर मी घरात वावरू कशी?"

मला वाटलं त्याला बांधायला साखळी आणतील.

१९ डिसेंबर

गोवा मुक्तिदिन. श्रद्धा झेंडावंदन करून घरी आली तेव्हा सोपो रिकामा होता.

हे सकाळीच भाटकाराला फेरीवरून शिवोलीला घेऊन गेले होते. तिथे एका बांधकामावर भैरू नावाचा बेळगावकडचा गडी आहे, त्याला राखणीला कुत्रा हवा होता. मला न विचारता नेला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

श्रद्धाने विचारलं, "भाटकार खंय?"

हे नेहमीसारखे दुसरीकडे बघत म्हणाले, "तो दुयेंत आसलो. बरो जावपाक व्हेला. बरो जातलो आनी येतलो."

 मग तिने विचारलं, "मुंबयक?"

मुलांची कल्पनाशक्ती काय असते पाहा. आजारी कुत्र्याला बरं करायला कोणी मुंबईला नेतं का? मी हसून काही म्हणणार तर ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते चप्पल घालून बाहेर गेले.

श्रद्धा जेवली नाही. पण आता जेवण घालायला कुत्रा नाही, म्हणजे उद्यापासून स्वतः नीट जेवेल.

२१ डिसेंबर, केरी

पाय सुजले आहेत. हे केरीहून लिहिते आहे, सुमनच्या आईच्या घरून.

काल शनिवार, सकाळची शाळा. दुपार झाली तरी श्रद्धा परतली नाही. शाळेत गेले तर ती आलीच नव्हती. धक्क्यावरच्या चहावाल्याने सांगितलं, "मदूचें चेडूं? पयल्या बशीक बसलें. केरच्या." केरीला तिची आजी असते. एकटी, दप्तर घेऊन, कंडक्टर ओळखीचा म्हणून त्याने बसू दिलं.

तोपर्यंत सगळं बंद झालं होतं. भाषेच्या आंदोलनात कुठे कुठे रस्त्यावर झाडं आडवी पाडली म्हणून बसगाड्या थांबल्या, आणि फेरी शिवोलीच्या बाजूला बांधून ठेवली. हे तिकडे, मी इकडे, मध्ये नदी. गोकुळदास म्हणाले, "वयनी, उद्यां पळोवया." मी चालायला लागले.

मांद्रे, मग हरमल. चालताना मनात एकच होतं, कुत्रा मी घालवला, आता पोर गेली. हरमलला एका मास्तरांनी स्कूटरवर घेतलं आणि पालयेपर्यंत सोडलं. पुढे पुन्हा पायी. ऊन कलताना केरीला पोचले.

सुमनच्या आई सरस्वतीबाई अंगणात सुकी मासळी भरत होत्या. मला त्यांनी पूर्वी पाहिलेलं नाही, तरी ओळखलं. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "चलत इलंस?"

"श्रद्धा...?"

"आसा. दर्यार बसलाहा. बस तू. पाय धू आधी."

मी पाय धुतले. त्यांनी लोटाभर पाणी दिलं आणि माझ्यासमोर बसल्या. त्या म्हणाल्या, "कुत्रो खय गेलो, विचारता. खरां सांग म्हणता. आणि माका खरां सांगूची सवय रवली नाय."

मला कळेना. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुका सांगूक नाय मधुकरान? चेडवाक कोणी सांगूकच नाय."

"काय?"

"सुमन गेली ता."

 त्या सांगत राहिल्या. मुंबईला नेताना श्रद्धा सहा वर्षांची होती, ती इथे आजीकडे होती. आई बरी व्हायला गेली, बरी झाली की येईल, असं सांगितलं. मधुकर तिकडेच सगळं उरकून एकटे परत आले. ह्या म्हणाल्या तू सांग, ते म्हणाले सांगेन. आज, उद्या. मग पोरीने विचारणंच सोडलं. सगळ्यांना वाटलं, एव्हाना तिला कळलं असेल.

माडाखाली कानावर पडलेले शब्द तेव्हा मला आठवले. नवी साडीही आठवली. इथे लिहितानाही कान तापले आहेत.

मी किनाऱ्यावर गेले. सुरूच्या झाडांखाली ती बसली होती, दप्तर पाठीवर तसंच. मी थोड्या अंतरावर बसले. ती म्हणाली, "भाटकार मेलो?"

"नाही. जिवंत आहे. शिवोलीत भैरूकडे आहे."

"बाबान सांगलें, दुयेंत आसा."

"तो आजारी नव्हता. माझ्या अंगावर धावला म्हणून बाबांनी देऊन टाकला."

"वाकळ कित्याक धुली?"

"घाण झाली म्हणून. ती कोणाची आहे मला माहीत नव्हतं."

"आईच्यो साडयो आसल्यो. वास आसलो."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं." 

ती रेतीत बोट फिरवत होती. "आईय बरी जावपाक गेल्ली."

ह्यांच्यासाठी थांबायला हवं होतं. हे सांगणं बापाचं काम आहे, महिन्याभरापूर्वी आलेल्या बाईचं नाही. हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण ती आता माझ्याकडे बघत होती, आणि कुत्र्याबद्दल खरं बोलून झाल्यावर आईबद्दल गप्प बसणं मला जमलं नाही.

"आई वारली, श्रद्धा. मुंबईलाच. दोन वर्षं झाली."

तिने मान खाली घातली. "शाळेंत सगळीं म्हणतात. हांवें एकट्याक मारलो." मग विचारलं, "थंय तिका जेवण कोण घालता?"

"मला माहीत नाही गं."

ती उठली, आधी चालत आणि मग धावत आजीकडे गेली. तिचं रडणं मला तिथवर ऐकू येत होतं. ती माझ्याकडे रडली नाही. मी तिथेच बसून राहिले. मला कोणी बस म्हटलं नव्हतं, उठ म्हटलं नव्हतं.

बरोबर केलं की नाही, देव जाणे.

२२ डिसेंबर, केरी

हे आज दुपारी आले. होडीने नदी ओलांडून, पुढे पायी. सरस्वतीबाईंनी अंगणातच सगळं सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे वळून प्रथमच माझ्या डोळ्यांत बघत बोलायला सुरुवात केली, आणि तेही असं:

"कोणें सांगलें तुका तिका सांगपाक?"

"कोणीच नाही. कोणीच सांगत नव्हतं म्हणून सांगितलं."

"हांव सांगतलोंच आसलों."

"कधी?"

त्यांचा हात वर आला. मारायला नव्हे, कपाळाला लावायला. मग ते किनाऱ्याकडे गेले. श्रद्धा कालच्याच जागी होती. मी आणि सरस्वतीबाई कुंपणापाशी उभ्या राहिलो. ऐकू काही येत नव्हतं. ती विचारत होती, हे उभ्याने उत्तर देत होते. तिने आणखी काहीतरी विचारलं आणि हे रेतीत बसले, गुडघ्यांत डोकं घालून.  मग तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मोठ्या माणसासारखा.

सरस्वतीबाई म्हणाल्या, "माज्या जावयाक रडताना आज पयल्यांदा बघतंय. मुंबयसून इलो तो दुसऱ्या दिसा फेरीर कामाक गेलो. कोणी इचारूक नाय, तेनी सांगूक नाय."

संध्याकाळी श्रद्धाने सांगितलं, ती आजीकडेच राहणार. ह्यांनी "बरें" म्हटलं. उद्या आम्ही दोघं परत जाणार. ह्यांनी त्यानंतर माझ्याशी एक शब्द काढलेला नाही. साखळीला परत जावं का, असाही विचार येतो. ट्रंक जड नाही.

२९ डिसेंबर, चोपडे

परवा फेरी सुरू झाली. पहिल्याच फेरीने भैरू भाटकाराला दोरी बांधून घेऊन आला. वैतागला होता.

"वैनी, ह्यो राखणीचा न्हाई, मुकादम हाय! म्या इटा उचलतोय आन् ह्यो वाळूच्या ढिगावर बसून बघतोय. कोण चोर आला तर शेपूट हलवतोय. घ्या बाबा तुमचा तुमाला."

मी खूप दिवसांनी हसले. हेही हसले, पण माझ्याकडे बघून नव्हे.

भाटकार मात्र वेडा झाला आहे. श्रद्धाच्या खोलीत जातो, विहिरीमागे जातो, आणि केरीची बस येण्याच्या वेळेला फाटकापाशी जाऊन कान टवकारून उभा राहतो. बस पुढे निघून गेली की मान पाडून परत. सकाळी तेच, दुपारी तेच. मी प्रत्येक वेळी फाटकातच उभी होते म्हणून मला दिसलं. जनावराला कोण समजावणार, की ज्याला यायचं असेल ते आपल्या मनाने येईल.

११ जानेवारी १९८७

आज रविवार. हे सोप्यावर कोळंबी सोलायला माझ्याजवळ येऊन बसले. कुत्रा पलीकडे झोपला होता, म्हणजे मध्ये कोणी नव्हतं. सोलता सोलता ते बोलायला लागले. सुमनला कसं नेलं, डॉक्टर काय म्हणाले, परळच्या कुठल्या दुकानात तिने श्रद्धासाठी फ्रॉक बघून ठेवला होता. कोळंबी संपली तरी बोलत होते. मी टरफलं गोळा करत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुवें सांगलें तें बरें जालें. म्हज्यान जावचें नासलें." आणि उठून हात धुतले.

मग पेटीतून त्यांनी तिचा फोटो काढला. "हो हांगा लायल्यार तुका चलता?"

खरं लिहायचं तर मला चाललं नाही. ती देखणी होती. वीस-बावीसची असेल फोटोत, आणि फोटोत ती तेवढीच राहणार. पण मी म्हटलं, "लावा. श्रद्धाला दिसेल असा लावा." खिळा मी धरला, ह्यांनी ठोकला. माझं बोट चेचता चेचता राहिलं.

८ फेब्रुवारी

श्रद्धा आली. परीक्षा जवळ आली म्हणून सरस्वतीबाईंनी आणून सोडलं. आल्याआल्या फोटोसमोर उभी राहिली, परसातली अबोली तोडून आणली, स्टुलावर चढून वाहिली. रडली नाही. भाटकाराने तिला खाली पाडून चाटून काढलं.

माझ्याशी मात्र पुन्हा तशीच. "बाई, पाणी घेऊ?" "बाई, हांव खेळूंक वचूं?" घरच्या मुलीने पाणी विचारून घ्यावं? केरीला ती माझ्याशी दोन वाक्यं खरी बोलली होती, आता तेवढीही नाहीत. मी लाड केले तर "नाका" आणि मागून "थँक्यू". शाळेत मला अशी मुलं फार आवडायची.

गोकुळदासांनी तोंड पाडलं आहे. कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा ठेवली म्हणतात. ते समजावून सांगत होते, माझं लक्ष नव्हतं.

एक चांगली गोष्ट. भाटकार आणि बायो एवढे दिवस एकमेकांना टाळून होते. एक आला की दुसरी पलंगाखाली. आज सोप्यावर दोघं समोरासमोर आले आणि जे काही भांडले! केस उडाले, बायोने त्याच्या नाकावर पंजा मारला, तो केकाटला. मी झाडू घेऊन सोडवायला गेले तर हे म्हणाले, "रावूं दी. जांवदी एकदां." दुपारी बघते तर सोप्याच्या दोन टोकांना दोघं ऐसपैस पडलेली. जनावरांचं बरं असतं.

३१ मे

काल गोवा राज्य झालं. म्हापशाला मिरवणूक, दिवे, बँड. गोकुळदास आपल्या नातवंडांना घेऊन जाणार होते, श्रद्धालाही नेतो म्हणाले. पण तिला परवापासून गालगुंडं आली आहेत. दोन्ही गाल पोदेराच्या उंड्यासारखे फुगलेले, अंगात ताप. मी म्हटलं, "जायचं नाही."

"बरें," म्हणेल असं वाटलं. नेहमी म्हणते.

"कित्याक ना?"

"ताप आहे. आणि दुसऱ्या मुलांना लागेल."

"माका वचपाचें आसा!"

"नाही म्हटलं ना."

आणि मग ती फुटली. पाय आपटले, गालांना बांधलेली ओढणी फेकली. "तूं कोण गे ना म्हणपी? सदां ना, सदां ना! तेल लाय, नाखटां काड, पुस्तक वाच! तुजी शाळा न्हय ही! तुजी ती माजर म्हज्या हांतरुणार मुतता, तिका काय म्हणना! तुज्या हुमणाक रूच ना, कोणेंच तुका सांगलां ना, आमीं उगींच खातांव!"

माझ्या माशांच्या हुमणाला चव नाही! तीन महिने हे दोघं पान चाटून पुसून खात होते! माझंही डोकं फिरलं. काय काय बोलले ते सगळं आठवतही नाही. एवढं आठवतं की मी "भितर वच! उंडे घेवन मिरवणुकेंत नाचतलें म्हणे!" असं ओरडले आणि कुंपणापलीकडे गोकुळदास आणि त्यांची नातवंडं स्तब्ध उभी होती. भाटकार सोप्याखाली शिरला.

हे मध्ये आले. "जांवदी गे शालिनी, पयस रावून पळयत..."

"तुम्ही मध्ये पडू नका!" मी म्हटलं.

"बाबा, तूं उगी राव!" श्रद्धा म्हणाली.

हे आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. मग टोपी घातली आणि धक्क्यावर निघून गेले. त्यांना काल सुट्टी होती.

दारं आपटली गेली. एक तिने आपटलं, एक मी. मग घर शांत झालं. मी स्वयंपाकघरात बसून रडले, खरंच रडले. सहा महिने मुठीत ठेवलेलं पाखरू उडवून दिलं असं वाटलं. आता ही पुन्हा केरीला जाणार आणि जाईल ते योग्यच.

ऊन उतरल्यावर ती दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, गाल सुजलेले, चेहऱ्याला चेहरा उरला नव्हता.

"भूक लागल्या."

"चावता येणार नाही. पेज देऊ?"

"लोणचें?"

"आंबट चालत नाही गालगुंडांत. कळ येईल."

"मग नाका माका."

आणि बसली. वाटीभर पेज प्याली, रागाने माझ्याकडे बघत. वाटी पुढे केली. मी आणखी वाढली. तीही प्याली. म्हणाली, "मीठ उणें आसा."

हे दिवेलागणीला परत आले. पायरीवरून हळूच आत डोकावले, वातावरणाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "येवूं?"

आज सकाळी श्रद्धा उठल्यापासून पुन्हा कुरकुरते आहे. केस विंचरताना दुखलं म्हणून माझ्या हातावर चापट मारली. मला काही बोलता येत नाही. काल ओरडून माझा घसा पार बसला आहे. वर्गात इतकी वर्षं उभी राहिले, कधी असा बसला नव्हता.